आधी लिहा, मग वाडीवर जा: मानसशास्त्राचा प्रबंध खुल्या पद्धतीने कसा करायचा

समजा, रत्नागिरीतल्या एका एमएच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी असा प्रश्न घ्यायचाय: पावसाळी मासेमारी बंदीत मच्छीमारांचा ताण वाढतो का? विषय चांगला आहे, माणसं हाकेच्या अंतरावर आहेत, प्रश्नावलीही फुकट मिळते. नेहमीची पद्धत अशी की जुलैत वाडीवर जायचं, शंभर फॉर्म भरून आणायचे, घरी येऊन आकडे संगणकात टाकायचे आणि काय 'येतंय' ते बघायचं. वयाप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे, बायका आणि पुरुष वेगळे काढून बघायचं. कुठेतरी ०.०५ च्या खाली पी (फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) सापडतोच, म्हणजे निकाल 'लक्षणीय' ठरतो. मग पहिल्या प्रकरणात लिहायचं की आमचं गृहीतक हेच होतं.

यात कुणी खोटं बोललेलं नसतं, तरीही निष्कर्ष खोटा निघू शकतो. हिशेब सोपा आहे. प्रत्यक्षात कुठलाच फरक नसताना पाच वेगवेगळ्या चाचण्या केल्या, तर निदान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता सुमारे २३ टक्के असते. वीस केल्या तर ६४ टक्के. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या चार सवलती (जसं, आकडे बघून मधेच माणसं वाढवणं) एकत्र घेतल्या तर ही शक्यता ६१ टक्क्यांच्या आसपास जाते. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रकाशित प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मुळात त्यांतल्या ९७ टक्क्यांचे निकाल लक्षणीय होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांचेच राहिले, आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्म्यावर आला.

उपाय एवढाच की निवडी आधी करायच्या, तारीख पडेल अशा ठिकाणी लिहून ठेवायच्या (हीच पूर्वनोंदणी) आणि मग घराबाहेर पडायचं. पुढे हेच उदाहरण धरून सांगतो. कोकणात नेमकं कुठे अडतं, तेही त्यातच येईल.

प्रश्न आवळून घ्या

'मच्छीमार' म्हणजे कोण, हे पहिल्यांदा ठरवा. बंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची असते (त्या वर्षीचा सरकारी आदेश बघूनच तारखा पक्क्या करा). पण ती यांत्रिक बोटींना असते. वल्ह्याच्या होडीवाल्याला, खाडीत जाळं टाकणाऱ्याला ती लागू नसते. त्याला धरलंत तर बंदी नसलेला माणूस बंदीच्या गटात आला. बोटीवरचे खलाशी बंदीत आपापल्या गावी निघून जातात, त्यामुळे जुलैत भेटतात ते नाखवे (बोटमालक), तांडेल (बोट चालवणारे) आणि स्थानिक खलाशी. सर्वांत जास्त ताण कदाचित निघून गेलेल्यांनाच असेल. तेव्हा पात्रतेचा नियम असा नेमका लिहा: 'वय १८ पूर्ण, घरातलं मुख्य उत्पन्न यांत्रिक बोटीवरून, गेली तीन वर्षं याच गावात वास्तव्य, एका घरातून एकच व्यक्ती.' निष्कर्षही तेवढ्याच लोकांपुरता राहील.

दुसरा मुद्दा वेळेचा. ताण मोजायला पीएसएस-१० ही प्रश्नावली घेतली असं धरू. १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०. तिच्यात 'गेल्या महिनाभरात' असं विचारतात. १० जूनला विचारलंत तर त्या महिन्यातले वीस दिवस मे महिन्याचे, म्हणजे भर हंगामाचे. १० ऑगस्टला विचारलंत तर बोटी सुटून आठवडा झालेला. म्हणून पहिली फेरी १ जुलै ते ३१ जुलै यातच बसते. दुसरी फेरी जानेवारीत घ्या. गणपती, नवरात्र, दिवाळी या काळात नको. चाकरमान्यांनी भरलेल्या घरात प्रश्नावली भरून घेणं कठीण, आणि सणाचा खर्च हाच एक वेगळा ताण असतो.

आता खरी मेख. जुलैत ताण जास्त निघाला तर तो बंदीचा की पावसाचा? सगळ्या कोकणालाच जुलैत दमट, कोंदट वाटत असेल तर? म्हणून तुलनेचा गट लागतो, त्याच गावांतला, मासेमारीशी संबंध नसलेला. इथे घाईत आंबा बागायतदार निवडले जातात आणि सगळंच फसतं. जानेवारी म्हणजे मोहोराची काळजी, तुडतुडे, थ्रिप्स, फवारणीचा खर्च. बागायतदाराचा ताण जानेवारीतच चढलेला असेल, म्हणजे त्याचा जुलै आणि जानेवारीतला फरक उलट्या दिशेने जाईल आणि मच्छीमारांशी तुलना करताना आकडा फुगेल. भातशेतीवाल्यांची जुलैत लावणी असते. त्यातल्या त्यात बरे म्हणजे बारा महिने सारखा पगार असणारे: शिक्षक, एसटीचे कर्मचारी, ग्रामपंचायतीतले कर्मचारी. त्यांचं शिक्षण आणि उत्पन्न वेगळं असणार हा दोष राहतोच. तो लपवू नका, आराखड्यातच लिहा.

किती माणसं

'शंभर तरी हवेत' हा हिशेब नव्हे. जीपॉवर हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. आपली तुलना दोन गटांतल्या 'बदलाची' आहे (जुलैचे गुण वजा जानेवारीचे). मध्यम फरक, म्हणजे डी (सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) = ०.५, पकडायचा असेल, लक्षणीयता ०.०५ दुहेरी (फरक कुठल्याही दिशेचा चालेल अशी) आणि पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरली, तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक ०.३ चा असेल तर प्रत्येकी १७६. ०.२ चा असेल तर प्रत्येकी ३९४, आणि ते एकटीच्या प्रबंधात होणारं काम नाही.

जुन्या अभ्यासात डी = ०.८ दिसला म्हणून तोच धरू नका. प्रसिद्ध झालेले आकडे फुगलेले असतात, हे वरच्या १०० प्रयोगांतून दिसलंच. त्यापेक्षा स्वतःला विचारा, किती फरक पडला तर कुणाला त्याची दखल घ्यावीशी वाटेल? पीएसएसवर २-३ गुणांचा? त्याहून लहान फरक तुमच्या अभ्यासाला दिसणार नाही, हे एका वाक्यात मान्य करा.

जानेवारीत सगळे परत भेटत नाहीत. पाचातला एक गळेल असं धरलं तर ६४ भागिले ०.८, म्हणजे प्रत्येकी ८०, एकूण १६०. आठ गावं घ्या आणि प्रत्येक गावातून १० मच्छीमार घरांतले, १० पगारदार. दोन्ही गट प्रत्येक गावातून सारखेच आले की एखाद्या गावाचं स्वतःचं दुखणं (पाणी, रस्ता, वादळात गेलेली छपरं) दोन्हीकडे सारखंच पडतं. आणि थांबायचं कधी, तेही लिहा: '१६० झाले की थांबू, ३१ जुलैपर्यंत झाले नाहीत तर जितके झाले तितक्यांवर थांबू.' मधेच आकडे बघून 'अजून वीस घेऊ या' हे चालत नाही. दर वेळी डोकावून बघणं ही एक नवी चाचणीच असते.

मराठीतली प्रश्नावली

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. चांगलं मराठी भाषांतर आधी झालेलं असेल तर तेच वापरा आणि कोणतं वापरलं ते लिहा. नसेल तर दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, दोन्ही मिळवून एक करायचं, मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं आणि फरक पडला तिथे बसून भांडायचं. त्यानंतर वाडीवरच्या ८-१० जणांना प्रश्न वाचून दाखवायचे आणि विचारायचं, 'यातून तुम्हाला काय समजलं?' ही माणसं मुख्य अभ्यासात घ्यायची नाहीत.

या शेवटच्या पायरीवर मासे गळाला लागतात. पीएसएसमध्ये 'महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्यात असं वाटलं का' या अर्थाचा प्रश्न आहे. दर्यावर्दी माणूस शांतपणे म्हणेल, 'समुद्र काय कधी हातात असतो?' हा ताण नाही, हा धंद्याचा स्वभाव. असं उत्तर तीन-चार जणांकडून आलं तर प्रश्नाची शब्दरचना बदलावी लागेल आणि ती बदलली हे नोंदवावं लागेल.

नकारार्थी प्रश्नांचं तर विचारूच नका. 'झोप लागत नाही का?' याला 'हो' म्हटलं तर कुणी 'हो, लागत नाही' असं म्हणतो आणि कुणी 'हो, लागते की' असं. तोंडी विचारताना प्रश्न नेहमी 'किती वेळा' असा वळवा आणि उत्तराचे पाच पर्याय मोठ्या अक्षरांत छापलेलं कार्ड समोर धरा. मालवणीत किंवा कोळी बोलीत समजावून सांगायचं असेल तर ते वाक्यही आधी ठरलेलं असू द्या. प्रत्येक मुलाखतकाराने आपापल्या परीने समजावलं की मुलाखतकार तितक्या प्रश्नावल्या होतात. लिलावाच्या वेळी बंदरावर कुणाला गाठू नका. शेजारी उभा असलेला माणूस उत्तर बदलतो.

प्रश्नावलीचा मालक कोण, हेही बघा. पीएसएस आणि पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) अभ्यासासाठी मोकळ्या आहेत. बेकची नैराश्य प्रश्नावली विकत घ्यावी लागते आणि तिचे प्रश्न परिशिष्टात छापता येत नाहीत. पीएचक्यू-९ घेतलीत तर तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याला 'नाही' सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी काय करायचं, कुणाला कळवायचं, हे आधी ठरलेलं हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक फॉर्मवर छापा. हा प्रश्न असलेला निनावी गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं हा बेजबाबदारपणा आहे. कुणीतरी बुडतंय हे कळूनही हात देता येत नाही.

संमतीपत्रातली एक ओळ

नीतिसमितीची मंजुरी पूर्वनोंदणीच्या आधी घ्या. कॉलेजात समिती नसेल तर मार्गदर्शकांमार्फत दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जा. संमतीपत्रात बहुतेक जण लिहून टाकतात, 'तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल, संशोधकाशिवाय कुणालाही दिसणार नाही.' एकदा हे वाक्य गेलं की डेटा कधीच खुला करता येत नाही, आणि नंतर दीडशे घरं फिरून नवी सही घेणं होत नाही. त्याऐवजी असं लिहा:

'तुमचं नाव, गाव, फोन नंबर कुणालाही दिला जाणार नाही. ओळख काढून टाकलेली उत्तरं इतर अभ्यासकांना पाहण्यासाठी इंटरनेटवर ठेवली जातील. याला माझी संमती आहे / नाही.'

ही खूण भाग घेण्याच्या संमतीपासून वेगळी ठेवा. 'नाही' म्हणणाऱ्यालाही भाग घेता आला पाहिजे, फक्त त्याची ओळ खुल्या फाइलीत जाणार नाही. माघार घ्यायची शेवटची तारीखही लिहा, कारण नावांची यादी नष्ट केल्यावर कुणाची ओळ कुठली ते तुम्हालाही सांगता येणार नाही. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी यादी दिली आणि माणसं गोळा करून दिली तर मदतच होते, पण भरलेले फॉर्म त्यांच्या टेबलावर एक मिनिटही ठेवू नका.

पूर्वनोंदणी

ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संशोधकांसाठीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा, नवीन प्रोजेक्ट करा आणि त्यात नोंदणीचा साचा निवडा. लांबलचक साचा नको असेल तर अ‍ॅझप्रेडिक्टेड या दुसऱ्या नोंदणी-संकेतस्थळाचा छोटा साचा तिथेच मिळतो. नोंदणी पाठवल्यावर ४८ तासांत कुणी रद्द केली नाही तर ती पक्की होते आणि मग तिची मूळ प्रत बदलता येत नाही. कुणी कल्पना चोरेल अशी भीती असेल तर ती ४ वर्षांपर्यंत झाकून ठेवता येते, तारीख मात्र पडलेली असते.

साचा भरणं सोपं आहे, नेमकं लिहिणं अवघड. 'ताण आणि बंदी यांचा संबंध तपासू' ही नोंदणी नव्हे. अशी हवी:

'मुख्य गृहीतक एकच: ताणातला बदल (जुलैचे एकूण पीएसएस गुण वजा जानेवारीचे) मच्छीमार गटात पगारदार गटापेक्षा जास्त असेल. चाचणी वेल्चची टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींची तुलना), दुहेरी, ०.०५. प्रश्न ४, ५, ७, ८ उलटे मोजले जातील (० चे ४, १ चे ३ असे). दहापैकी दोनपर्यंत उत्तरं राहिली असतील तर उरलेल्यांची सरासरी गुणिले १०. तीन किंवा जास्त राहिली तर ती व्यक्ती वगळू. टोकाचे गुण आहेत म्हणून कुणालाही वगळणार नाही. बायका-पुरुष, वय, कर्ज यांची तुलना शोधक स्वरूपाची (आधी गृहीतक न मांडता केलेली).'

बदलाचे गुण घ्यायचे की जुलैचे गुण जानेवारीच्या गुणांनी सावरून घ्यायचे (जानेवारीत सारखे गुण असलेल्यांची जुलैत तुलना केल्यासारखं), यावर दोन मतं आहेत. आधीपासूनच वेगळ्या असलेल्या गटांत या दोन रीतींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, हे मानसमापनाचे अभ्यासक फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्येच दाखवलंय. म्हणूनच कुठलीही घ्या, पण आज घ्या. निकाल पाहून आवडीची निवडण्याची सोय ठेवू नका.

एक युक्ती फार उपयोगी पडते. वाडीवर जाण्याआधी १६० ओळींचा बनावट डेटा तयार करा आणि जास्प किंवा आर या फुकट सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण विश्लेषण त्यावर चालवून बघा. अर्ध्या तासात कळतं की 'कर्ज' हा रकाना कसा भरायचा ते ठरलंच नव्हतं. ती विश्लेषणाची फाइलही नोंदणीला जोडा. बनावट डेटाची फाइल मात्र नावातच 'बनावट' असं लिहून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर जानेवारीत कुठली खरी यावर घाम फुटेल.

आकडे भरताना

मूळ फाइलीला पुन्हा हात लावायचा नाही. ती 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवा आणि सगळी साफसफाई दुसऱ्या फाइलीत करा, तीही शक्यतो लिहिलेल्या आज्ञांनी. माउसने केलेली दुरुस्ती कुठेच उरत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे भरा आणि दोन्ही फाइली ताडून बघा. उत्तर राहिलं असेल तर रकाना रिकामा सोडा. उणे ९९ टाकायची जुनी सवय असेल तर एक दिवस ते सरासरीत मिसळतंच.

मराठी कळफलकाने भरताना '३' हा देवनागरी अंक पडतो. डोळ्याला तो तीनच दिसतो, पण सॉफ्टवेअर त्याला अक्षर समजतं आणि ती ओळ गुपचूप गळते. एक्सेलमधून साठवताना सीएसव्ही यूटीएफ-८ हाच पर्याय निवडा, नाहीतर गावांच्या नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. सोबत कोडबुक हवं: रकान्याचं नाव, विचारलेला मूळ प्रश्न जसाच्या तसा, चालणारी मूल्यं, उलटा मोजलाय की नाही. उलटे मोजायचे चार प्रश्न विसरले तर अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) अचानक पडतो. विश्वसनीयता कमी दिसली तर प्रश्नावलीला दोष देण्याआधी हे बघा.

जमल्यास गटाचा रकाना मैत्रिणीकडून बदलून घ्या, 'मच्छीमार' आणि 'पगारदार' यांच्या जागी 'क' आणि 'ख'. कोण कोणता ते मुख्य चाचणी झाल्यावरच उघडा.

ओळख पुसणं

पुण्या-मुंबईत नाव काढलं की माणूस हरवतो. वाडीत हरवत नाही. 'स्त्री, वय ५४, विधवा, दोन ट्रॉलरांची मालकीण' एवढं वाचून अख्खं बंदर तिचं नाव सांगेल. म्हणून गावाचं नाव काढा. आठ गावांना तालुकाही लिहू नका, नुसते १ ते ८ असे अंकही धोक्याचे वाटले तर तेही काढा. वय दहा-दहा वर्षांच्या गटात टाका. नाखवा, तांडेल, खलाशी यांतला एखादा गट लहान असेल तर एकत्र करा. मुलाखतीच्या तारखेऐवजी फक्त फेरी १, फेरी २ ठेवा. गूगल फॉर्ममधला वेळेचा शिक्का आणि ईमेल काढून टाका. मग उरलेल्या रकान्यांची (लिंग, वयोगट, व्यवसाय, वैवाहिक स्थिती) प्रत्येक जोडणी मोजा. पाचांपेक्षा कमी माणसं ज्या जोडणीत येतात तिथे अजून गट मोठा करा किंवा तो रकानाच वगळा. पूर्ण डेटा देता येत नसेल तर मुख्य चाचणीला लागणारे तीनच रकाने द्या: गट, जुलैचे गुण, जानेवारीचे गुण. निकाल पडताळायला तेवढे पुरतात.

नाव आणि क्रमांक जोडणारी यादी कागदावर, कुलपात. ड्राइव्हवर नको.

प्रबंधात कसं लिहायचं

पद्धतीच्या प्रकरणात नोंदणीची तारीख आणि दुवा द्या. व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतात, 'गृहीतक सिद्ध झालं नाही, मग केलंत काय?' तेव्हा ही तारीख कामाला येते. परिणामाचा आकार आणि ९५ टक्के विश्वासांतर (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पट्टा) लिहा. विश्वासांतर उणे १ ते अधिक १ गुण एवढंच असेल तर 'मोठा फरक नाही' असं म्हणता येतं. तेच उणे ४ ते अधिक ५ असेल तर काहीच सांगता येत नाही. दोन्ही ठिकाणी पी ०.०५ च्या वरच असतो, पण अर्थ एक नव्हे.

ठरवल्यापेक्षा वेगळं झालेलं सगळं एका तक्त्यात: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, डेटा पाहण्याआधी की नंतर. कोकणात हा तक्ता रिकामा राहणं जवळजवळ अशक्य. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तसं काही फेरीच्या मधेच झालं तर त्या गावांचे गुण बंदीबद्दल काहीच सांगणार नाहीत. अशा वेळी ती गावं धरून आणि सोडून, दोन्ही निकाल द्या.

शोधक तुलना वेगळ्या उपशीर्षकाखाली येऊ द्या. बायकांमध्ये फरक जास्त दिसला, तर ते पुढच्या अभ्यासाचं गृहीतक आहे. या अभ्यासाचा निष्कर्ष म्हणून ते लिहायचं नाही.

प्रबंध झाल्यावर मसुदा सायआर्काइव्ह या मानसशास्त्राच्या खुल्या संग्रहावर ठेवता येतो, पण ज्या जर्नलला पाठवायचाय त्याचं प्रीप्रिंटबद्दलचं (छापण्याआधी खुल्या केलेल्या मसुद्याबद्दलचं) धोरण आधी वाचा. डेटाला सीसी झिरो (विनाअट वापर) किंवा सीसी बाय (नाव देऊन वापर) परवाना द्या. परवाना नसलेली फाइल दिसते, पण ती वापरावी की नाही हे कुणालाच कळत नाही.

आणि एक पान मराठीत, सोसायटीच्या फळ्यावर: किती जणांना विचारलं, जुलैत आणि जानेवारीत सरासरी किती, पगारदारांचं किती, कशाचं उत्तर मिळालं नाही. तक्ते नकोत, दोन पट्ट्यांचं एक चित्र पुरे. गावाचं नाव त्यावरही नको. जानेवारीची फेरी संपल्यावरच लावा, कारण जुलैचा निकाल वाचलेला माणूस जानेवारीत तो आठवूनच उत्तर देतो.